अडचण होत होती म्हणून काढलं

(दृश्य: कोथरूडमधला एक फ्लॅट. दारामागची वीजपेटी, तिच्यावर टांगलेलं कॅलेंडर.)

अशी पेटी तुमच्याही दारामागे असणार. ती उघडली जाते ती लाइट गेल्यावरच. कॅलेंडर बाजूला सारा, झाकण उघडा. ओळीने बसवलेले खटके दिसतील. त्यातला एक इतरांपेक्षा रुंद असतो आणि त्याच्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं बारकं बटण असतं. हा आरसीसीबी. जुने वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात.

बाकीचे खटके, म्हणजे एमसीबी, वायरिंग जळू नये म्हणून असतात. 16 अँपिअरच्या एमसीबीला 16 अँपिअरपर्यंत काही वाटतच नाही. माणसाचं हृदय बंद पडायला त्याच्या शंभराव्या हिश्शाहून कमी प्रवाह पुरतो. आरसीसीबी वेगळंच मोजतो. घरात गेलेली वीज तेवढीच परत आली का, एवढंच तो बघत असतो. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज मधूनच कुठेतरी, कदाचित कुणाच्या अंगातून, जमिनीत चालली आहे. मग तो क्षणात लाइन तोडतो.

(दृश्य: बटण दाबणारा अंगठा. खट्. पंखा मंदावतो.)

महिन्यातून एकदा हे बटण दाबायचं. खटका पडला पाहिजे. नाही पडला तर भिंतीवर नुसती शोभेची वस्तू लावली आहे असं समजा आणि वायरमनला बोलवा.

गंमत पुढे आहे. कित्येक घरांत हा खटका बसवलेला असतो, पण जोडलेला नसतो. का? तर सारखा ट्रिप होतो. गीझरच्या कॉइलमधून वीज गळत असते, पावसात पंपाच्या वायरला ओल धरते, किंवा इन्व्हर्टर बसवताना कुणीतरी न्यूट्रलच्या वायरी एकात एक करून ठेवलेल्या असतात. खटका बिचारा खरं तेच सांगत असतो. पण रात्री नऊ वाजता, मालिका ऐन रंगात असताना, खरं ऐकायला कुणाला वेळ आहे? वायरमन येतो, दोन वायरी इकडच्या तिकडे करतो, चहा पिऊन जातो. लाइट पुन्हा जात नाही. घरातले खूश.

ही फिल्म अशाच वायरमनच्या मागोमाग पुणं फिरणार आहे. सुरक्षेची सोय होती, ती अडचण करत होती, म्हणून कुणीतरी ती काढून ठेवली. घरात, कारखान्यात, रस्त्यावर.

(दृश्य: इस्त्रीचा थ्री-पिन प्लग. वरची पिन कापलेली.)

प्लगची वरची पिन जाड आणि लांब का असते? आत जाताना ती सगळ्यांत आधी टेकावी आणि बाहेर येताना सगळ्यांत शेवटी सुटावी म्हणून. ती अर्थिंगची. दोन भोकांच्या बोर्डात बसत नाही म्हणून ती कापली की इस्त्री तशीच चालते, कपडे तसेच कडक होतात. फरक कळतो तो इस्त्रीच्या पत्र्यात करंट उतरतो त्या दिवशी.

(दृश्य: बाथरूम. गॅस गीझर. खिडकीच्या झडपांना चिकटवलेला पुठ्ठा.)

आता थंडीतलं बाथरूम. पूर्वी पुण्यात अंगणात बंब पेटायचा, धूर आभाळात जायचा. आता गॅस गीझर आहे. दोन मिनिटांत कढत पाणी, वीजबिल कमी. फक्त जाळ आता चार बाय सहाच्या बंद खोलीत आला आहे, आणि डिसेंबरमध्ये गार वारं येतं म्हणून त्या खोलीची खिडकीही आपण पुठ्ठ्याने बुजवतो. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखंही होत नाही. डोकं जड होतं, पायातलं बळ जातं, आणि हाक मारण्याआधीच तो खाली बसतो. आतून कडी. बाहेर नळाचा आवाज चालूच, त्यामुळे घरच्यांना वाटतं, चाललीये अंघोळ.

पुण्यातल्या फ्लॅटना ड्राय बाल्कनी असते, तिथे वॉशिंग मशीन आणि रद्दी राहते. गॅस गीझरची जागा तिथे आहे. बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याची पाइप यावी. ते जमत नसेल तर बादली भरेपर्यंत दार उघडं, मग गीझर बंद, मग अंघोळ. आणि तो पुठ्ठा आजच्या आज काढा. अंघोळीला कुणी नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला तर दार वाजवायचं. लाजायचं काही कारण नाही.

गॅसवरून एक गोष्ट, भरभर सांगतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो ओट्याखाली साचतो. पाइपने येणारा गॅस हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. म्हणून एकासाठी खालून हवा खेळती हवी, दुसऱ्यासाठी वरून. वास आला की दोन्हींसाठी नियम एकच: दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्हींत पडते. रेग्युलेटर किंवा कॉक बंद, खिडक्या उघड्या, आणि फोन घराबाहेर जाऊन. सिलिंडरच्या गळतीसाठी नंबर 1906.

(दृश्य: पेठेतली जुनी इमारत. जिन्याखाली मीटरची पेटी, तिला खेटून चार दुचाकी, गुंडाळलेली गादी.)

जिना हा सगळ्यांचा, म्हणून कुणाचाच नाही. वर मीटर, खाली टाकीत पेट्रोल, मध्ये गादी. शॉर्ट सर्किट झालं तर आगीला आणखी काय हवं? आणि जिना धुराड्यासारखा काम करतो, सगळा धूर वर खेचतो. रात्री जाग आल्यावर माणूस सवयीने दार उघडतो आणि जिन्याने खाली धावतो, म्हणजे नेमका धुरात शिरतो. आग बऱ्याचदा लांबच असते, माणूस जातो तो धुराने.

जिन्यात धूर भरला असेल तर दार लावून घ्या, फटीत ओला टॉवेल कोंबा, बाल्कनीत या, 101 ला फोन करा. पण आपल्या बाल्कन्यांना चोराच्या भीतीने अख्खी लोखंडी जाळी असते. त्या जाळीत एक उघडणारी झडप करून घ्या आणि तिची किल्ली तिथेच, हाताला येईल अशी ठेवा. कपाटातल्या डब्यात नको. गच्चीच्या दाराच्या कुलपाचंही तेच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून तासभर भांडण होतं, त्यातली पाच मिनिटं या किल्लीला द्यावीत असं मला वाटतं.

(दृश्य: चौथा मजला. काच पुसणाऱ्या बाईंचा एक पाय खिडकीच्या कट्ट्यावर.)

कामाच्या ठिकाणची सुरक्षा म्हटलं की डोळ्यांसमोर चाकण येतं, हेल्मेट घातलेले इंजिनिअर येतात. पण आपलं घरही कुणाचं तरी कामाचं ठिकाण आहे. दिवाळी आली की "मावशी, बाहेरून पण पुसा हं जरा" असं आपण सहज म्हणतो, आणि मावशी साडी खोचून कट्ट्यावर चढतात. खाली चार मजले. एसीचं बाहेरचं युनिट बसवणारा पोरगा छज्जावर उभा असतो, कमरेला काही नाही, पायात स्लिपर. कारखान्यात असं काम करून घेतलं तर मालकाला जाब द्यावा लागतो. घरात कोण विचारतं? लांब दांड्याचा वायपर आणा. नाही पोहोचला तर काच मळकी राहू द्या. एसीवाल्याला फोनवरच सांगा, सेफ्टी बेल्ट आणि दोर असेल तरच माणूस पाठवा.

(दृश्य: भोसरी. पत्र्याची शेड. पॉवर प्रेसचा ठेका.)

भोसरी, चाकण, तळवडे. गाडीचे बारके बारके पार्ट जिथे बनतात त्या छोट्या युनिट्समध्ये हे मशीन असतं. ऑपरेटर पत्र्याचा तुकडा, म्हणजे जॉब, खालच्या साच्यावर, म्हणजे डायवर ठेवतो, प्रेस खाली येते, पार्ट तयार. पुन्हा जॉब, पुन्हा प्रेस. एका शिफ्टमध्ये हजारो वेळा.

या मशीनला चालवायचे दोन मार्ग. एक, दोन बटणं, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस येते, म्हणजे दोन्ही हात बटणावर आणि बोटं डायच्या बाहेर. दुसरा, पायाचं पेडल. पेडलने काम भराभर होतं, कारण हात मोकळे राहतात. धोका आहे तो हात मोकळे राहण्यातच. जुन्या पिन-क्लचच्या प्रेसला तर मध्येच थांबणं माहीतच नाही. एकदा सुटली की पूर्ण खाली येऊन, पूर्ण वर जाऊनच थांबते. बोट आत राहिलंय हे ऑपरेटरला दिसतं, पण तोवर त्याच्या हातात काही उरलेलं नसतं.

(दृश्य: दोन बटणांपैकी एकावर करकचून बांधलेली चिकटपट्टी.)

हे पाहा. एक बटण कायमचं दाबून ठेवलंय. एका हाताने जॉब सरकवता यावा म्हणून. आपला वायरमन आठवला? आळशी ऑपरेटर असं करतो, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. तासाला किती पीस निघाले याचा आकडा फळ्यावर रोज लिहिला जातो, आणि बटणाला पट्टी बांधल्याशिवाय तो आकडा गाठता येत नाही हे सुपरवायझरला पक्कं ठाऊक असतं. पट्टी बांधणारा हात एकाचा असतो आणि बांधायला लावणारा आकडा दुसऱ्याचा. जॉब ठेवायला चिमटा किंवा चुंबकाची काठी काही फार महाग नसते. आणि डाय बदलताना, मशीन साफ करताना मेन स्विचला कुलूप लावून किल्ली ज्याची त्याच्या खिशात. नाहीतर पलीकडून कुणीतरी "बंद का पडलंय" म्हणून चालू करतो.

(दृश्य: पाऊस. बांधकामाच्या कुंपणभिंतीलगत पत्र्याच्या झोपड्या.)

29 जून 2019. कोंढव्यात पावसाने सोसायटीची भिंत कोसळली आणि खालच्या झोपड्यांत झोपलेले 15 जण गेले. मजूर आणि त्यांची मुलं. भिंतीच्या आडोशाला पत्रे लावणं स्वस्त पडतं, एक बाजू आयती मिळते. पावसाळ्यात भिंतीच्या एका अंगाला माती आणि पाणी साचत असेल तर दुसऱ्या अंगाला कुणी झोपता कामा नये, गाडीसुद्धा लावू नये.

25 जुलै 2024 ला नदीचं पाणी चढत असताना डेक्कनजवळ पुलाची वाडीत अंडाभुर्जीची गाडी हलवताना शॉक लागून तीन तरुण गेले. पाणी आत यायला लागलं की सामानाआधी मेन स्विच. आणि रस्त्यावरच्या तुंबलेल्या पाण्यात विजेच्या खांबाला, डीपीला हात लावायचा नाही, तोल जात असला तरी. तार तुटलेली दिसली तर महावितरणचा 1912.

(दृश्य: नवा कात्रज बोगदा. उताराला लागलेले ट्रक.)

बोगद्यातून बाहेर पडलं की रस्ता नवले पुलाकडे उतरत जातो. उतार अंगावर येणारा नाही, फसवा आहे. इथे काही ट्रकवाले गाडी न्यूट्रल करतात. डिझेल वाचतं म्हणे. गाडी गिअरमध्ये असताना इंजिनच तिला मागे ओढून धरत असतं. न्यूट्रल केली की तो आधार गेला, सगळा भार ब्रेकवर. वीस-तीस टनांची गाडी नुसत्या ब्रेकने रोखताना ड्रम तापतात, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. 20 नोव्हेंबर 2022 ला इथे एका अवजड गाडीने कित्येक गाड्यांना धडक दिली. आणि वाचतं काय? आजकालची इंजिनं उतारावर गिअरमध्ये असली, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की इंधन स्वतःच तोडतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन सुरू ठेवायला डिझेल जाळावं लागतं. थोडक्यात, त्या डिझेलसाठी ब्रेक घालवायचे जे वाचतच नाही.

या उतारावर तुम्ही दुचाकीवर असाल तर सर्व्हिस रोड धरा. कारमध्ये असाल तर अवजड गाडीच्या पुढ्यात घुसू नका, आणि फोन घ्यायला कडेला थांबू तर अजिबात नका.

(दृश्य: कर्वे रस्त्याचा सिग्नल. कोपरात अडकवलेली हेल्मेटं, स्कार्फ, ॲक्टिव्हावर पुढे उभं असलेलं शाळेतलं पोर.)

हेल्मेटवर पुण्यात आंदोलनं झाली. 2019 च्या जानेवारीत सक्ती झाली तेव्हा लोक विरोध करायला रस्त्यावर उतरले. केस गळतात, मान दुखते, गावात स्पीडच कुठे असतो. गणित करू. ताशी 40 किलोमीटरच्या वेगात डोकं आपटणं म्हणजे साधारण 6 मीटरवरून पडणं, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. लक्ष्मी रोडवर 40 नसेल, पण घरी पोहोचायला तुम्ही फक्त लक्ष्मी रोडनेच जाता का? आयएसआयचं, आयएस 4151 छापलेलं हेल्मेट घ्या, पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोहोचतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलायचं. आणि हो, चार वर्षांवरच्या मुलालाही कायद्याने हेल्मेट लागतं. आईच्या पुढे उभं असलेलं पोर म्हणजे गाडी धडकली की पहिलं तेच.

पुण्याच्या स्कार्फवर विनोद पुष्कळ झाले. संक्रांतीच्या दिवसांत मात्र मांजा गळ्याला लागतो तेव्हा तोच कापडाचा फेरा मधे येतो. नायलॉन मांजावर 2017 पासून देशभर बंदी आहे, तरी तो आकाशात दिसतोच.

(दृश्य: रस्त्यावर पडलेली दुचाकी. भोवती घोळका, हातात मोबाइल.)

समोर अपघात झाला तर व्हिडिओ काढणारे पुष्कळ असतात, 108 लावणारा एकच लागतो. तो तुम्ही व्हा. मागून येणारी वाहनं थांबवा. श्वास चालू असेल तर जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ रुमाल घट्ट दाबून धरा, सारखा उचलून बघू नका. पाणी पाजू नका.

"पोलिसांचं लचांड नको" म्हणून लोक मागे सरतात. ती भीती आता जुनी झाली. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134 अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर जखमीला काही झालं म्हणून खटला भरता येत नाही, आणि त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. जखमीला दवाखान्यात पोहोचवा. तिथे कुणी अडवलं, तर या कलमाचा आकडा सांगा आणि निघा.