पाण्याला लागलेली घाई

पुलाच्या खांबावर रंगवलेली ही मोजपट्टी वर्षातले बहुतेक दिवस कुणी पाहत नाही. पाणी तिच्या तळाशी असते आणि खालच्या आकड्यांवर शेवाळ चढलेले असते. पाऊस लागून राहिला की मात्र याच पट्टीवरचा आकडा तासातासाला टिपला जातो, कारण पाणी किती चढले याइतकेच ते एका तासात किती चढले, हेही खालच्या वस्तीला कळावे लागते.

पुराचे कारण विचारले की ‘पाऊस’ हे उत्तर येते. ते खोटे नाही, अपुरे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. त्या हिशेबाने एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर १० कोटी लिटर, म्हणजे वजनाने एक लाख टन पाणी पडते. मोठ्या नदीचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथले पाणी उतरून तिच्यात येते तो सारा प्रदेश, हजारो चौरस किलोमीटरचे असते. या पाण्यातले किती नदीत येते आणि किती वेळात येते, यावर पूर ठरतो.

झाडीच्या जमिनीवर थेंब आधी पानांवर अडतो, पालापाचोळ्यात मुरतो, मुळांनी सैल केलेल्या मातीतून झिरपतो आणि नदीपर्यंत पोचायला त्याला कित्येक दिवस, कधी महिनेही लागतात. त्याच जागी डांबर, काँक्रीट आणि फरशी आली की तेवढेच पाणी काही मिनिटांत गटारात आणि थोड्याच वेळात नदीत उतरते. अर्थात, झाडी हा प्रत्येक पुरावरचा उतारा नव्हे. संततधारेने माती तुडुंब भरली की तीही पुढचा पाऊस जवळजवळ जसाच्या तसा खाली सोडते, आणि म्हणूनच पावसाळ्याच्या अखेरीस मध्यम पाऊसही मोठा पूर आणू शकतो. त्यात हवा तापते आहे. तापमान एका अंश सेल्सिअसने वाढले की हवेत सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते, त्यामुळे कोसळणारी सर पूर्वीपेक्षा जड होते.

नदीकाठची सपाट, सुपीक जमीन नदीनेच पुरामागून पूर गाळ टाकून घडवलेली असते. ते नदीचे पावसाळी अंथरूण आहे, असे म्हटले तरी चालेल. माणसाने तेथे शेती केली, घरे बांधली आणि नदीला दोन बांधांच्या मध्ये कोंडले. कोंडलेली नदी आपला गाळ शेतांवर न पसरता पात्रातच टाकते, पात्र वर येते, मग बांध आणखी उंच करावा लागतो. चीनमधील पीत नदीचा तळ खालच्या टप्प्यात आजूबाजूच्या जमिनीपेक्षा काही मीटर उंचावर गेला आहे. १८८७ मध्ये तिचे बांध फुटले, तेव्हा लाखो माणसे मृत्युमुखी पडली. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोसी नदीचा बांध फुटला, तेव्हा तो ज्या पुरासाठी बांधला होता त्याच्या निम्मेही पाणी नदीत नव्हते. तरीही नदी कित्येक दशकांपूर्वी सोडलेल्या जुन्या वाटेने बिहारमध्ये शिरली.

धरणांचेही असेच आहे. धरणात जागा असेल तोवर ते पूर अडवते. ते भरले की वरून येईल तेवढे पाणी पुढे सोडण्यावाचून गत्यंतर नसते. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबियातील डेर्ना शहराच्या वरच्या अंगाची दोन धरणे वादळी पावसात एका रात्रीत फुटली आणि हजारो लोक वाहून गेले.

येथे एका शब्दप्रयोगाविषयी तक्रार नोंदवावीशी वाटते. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ असे म्हटले की आता पुढची नव्याण्णव वर्षे निर्धास्त राहावे, असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता एवढाच आहे, आणि त्या पट्ट्यातल्या घरात तीस वर्षे राहणाऱ्याला असा पूर किमान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते.

पाणी घरात शिरते ते बहुधा धडकून नव्हे. ते आधी मोरीच्या जाळीतून वर येते, मग उंबरठा ओलांडते, मग जिन्याची एकेक पायरी गिळते. रस्त्यावर मात्र ते वेगळे वागते; तेथे तीस सेंटिमीटर वाहते पाणीदेखील लहान मोटार उचलून नेऊ शकते.

ओसरल्यानंतरचे नुकसान चित्रफितीत क्वचितच दिसते. भिंतीवर एका सरळ रेषेत चिखलाचा पट्टा उरतो. फुगलेल्या लाकडी कपाटाचे दार उघडत नाही, आणि उघडलेच तर आत वह्यांची पाने एकमेकांना चिकटून वीट झालेली असते. चहूकडे पाणी असताना पहिली टंचाई पिण्याच्या पाण्याची होते, कारण विहिरींत आणि नळांत मैला मिसळलेला असतो. अतिसार आणि लेप्टोस्पायरोसिस (उंदीर व जनावरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) मागोमाग येतात. डासांचे आजार आणखी उशिरा येतात, कारण वाहत्या पाण्याने धुऊन गेलेल्या डासांच्या अळ्या पुन्हा वाढतात त्या मागे राहिलेल्या डबक्यांत. शेतातली वरची माती जाते किंवा तिच्यावर वाळू पसरते.

पण प्रत्येक पूर शत्रू नसतो. नाईल नदीच्या वार्षिक पुराने इजिप्तची शेते हजारो वर्षे पोसली. १९७० मध्ये आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाल्यावर तो गाळ धरणामागे अडला, शेतांना खते घालावी लागली आणि समुद्राकाठी त्रिभुज प्रदेशाची धूप वाढली.

नेदरलँड्समध्ये १९५३ च्या समुद्री पुरात १,८३६ माणसे दगावली आणि त्यानंतर तेथे बांधांवर बांध उभे राहिले. त्याच देशाने पुढे नायमेखन शहराजवळ वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे घेतला, त्यासाठी सुमारे पन्नास घरे पाडली आणि नदीला शेजारी दुसरा प्रवाह खणून दिला. त्याने पुराची पातळी सुमारे ३५ सेंटिमीटरने खाली येते. घराच्या जिन्यावर मोजल्या, तर दोन पायऱ्या.