तळहातावरची चिमणी

श्रोतेहो, नमस्कार.

कुंग फू म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती हवेतली लाथ. आज ती लाथ जरा बाजूला ठेवू या. चिनी भाषेतल्या 'गोंगफू' या मूळ शब्दात मारामारी कुठेच नाही. वेळ आणि कष्ट घालून अंगात मुरलेलं कसब म्हणजे गोंगफू. लोणचं मुरतं ना, तसं. दक्षिण चीनमध्ये इवल्याशा किटलीतून निगुतीनं काढलेल्या चहालाही 'गोंगफू चहा'च म्हणतात. तेव्हा शब्द लक्षात ठेवा: मुरलेलं कसब.

तीन महिन्यांच्या शिबिरात मुलाला पट्टा मिळाला म्हणून फोटो पाठवणारे पालक मला भेटतात. कौतुक आहेच. पण ते रंगीत पट्टे मुळात जपानी ज्युडोतले, आणि तीन महिन्यांत तर कैरीसुद्धा नीट मुरत नाही. असो.

आता माझी आवडती गोष्ट. एकोणिसाव्या शतकातली. हबेई प्रांतात यांग लूछान नावाचा एक गरीब माणूस होता. जन्म 1799 चा. तो गेला हनान प्रांतात, छनजियागोउ नावाच्या गावी. तिथल्या छन घराण्याची विद्या म्हणजे आज आपण जिला ताइची म्हणतो ती, कुंग फूचाच एक मऊ प्रकार. पण विद्या घरातली, बाहेरच्याला शिकवायची नाही. लूछान तिथे गडी म्हणून राहिला, असं सांगतात.

एका रात्री त्याला जाग आली. भिंतीपलीकडून आवाज येत होते. 'हंऽऽ', मग 'हाऽऽ'. दबक्या पावलांनी तो गेला, भिंतीच्या फटीला डोळा लावला. आत म्हातारे छन छांगशिंग शिष्यांना शिकवत होते. मग काय, रोज रात्री हा फटीशी, आणि नंतर अंधारात एकटाच सराव. एक दिवस पकडला गेला. गुरू म्हणाले, दाखव काय चोरलंस ते. त्यानं दाखवलं, आणि गुरू थक्क झाले. तुम्हाला एकलव्य आठवला असेल, मलाही आठवतो. पण इथे अंगठा कुणी मागितला नाही. गुरूंनी त्याला शिष्य करून घेतलं.

पुढे हाच लूछान बीजिंगला गेला, नाव काढलं. लोक त्याला 'अजिंक्य यांग' म्हणू लागले. आणि त्याच्याबद्दल सांगतात ती चिमणीची गोष्ट.

तो तळहातावर चिमणी ठेवायचा. हात सताड उघडा. मूठ नाही, दोरा नाही. चिमणी पंख फडफडवायची, पण उडायची नाही! का? उडण्याआधी पाखराला पायांनी खाली रेटा द्यावा लागतो. ती रेटा देऊ लागली की यांगचा तळहात तेवढाच खाली जाई. रेटायला काही उरतच नसे. पुन्हा सांगतो: त्यानं तिला धरलं नव्हतं. हात कडक ठेवला असता, तर ती केव्हाच भुर्रकन उडाली असती.

ही गोष्ट आहे, दप्तरातली नोंद नव्हे. पण ताइचीवाले ती का सांगतात ते कळतं. त्यांच्यात 'थिंग जिन' असा शब्द आहे. थिंग म्हणजे ऐकणं, जिन म्हणजे जोर. समोरच्याचा जोर ऐकायचा, तोही कानानं नव्हे, कातडीनं. रेडिओवाल्याला हा शब्द आवडणारच! हल्ली एसटीत फोनचा स्पीकर लावून बोलणाऱ्यांना कानानंही ऐकू येत नाही, कातडीची बात सोडाच.

त्यांचं आणखी एक वचन आहे, चार लियांगांनी हजार जिन वळवावे. हे जिन म्हणजे वजन, मघाचा जोर नव्हे. जुन्या मापात सोळा लियांगांचा एक जिन, जसे आपल्याकडे सोळा छटाकांचा शेर. म्हणजे आजीच्या भाषेत, चार छटाकांनी हजार शेर. आलेला जोर अडवायचा नाही, त्याची वाट किंचित बदलायची.

2020 साली युनेस्कोनं ताइचीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. ठीक आहे. मला त्याहून 'थुइशौ' महत्त्वाचं वाटतं. थुइशौ म्हणजे हात ढकलणं, दोघांनी मिळून करायचा सराव. संध्याकाळी घरात करून पाहा. समोरासमोर उभे राहा, गुडघे थोडे सैल. मनगटाला मनगट लावा. समोरच्यानं हळू ढकलायचं. तुम्ही उलट ढकलायचं नाही, आणि मनगटही सोडायचं नाही. फक्त कंबरेतून वळायचं. पहिल्यांदा खांदे ताठ होतील, मग हसू येईल. येऊ द्या. चिमणी मात्र नको, तिला खिडकीतच राहू द्या.

नमस्कार.