संकासुराचा काळा रंग

पेडणे तालुक्यातल्या या देवळासमोर आज रात्री दशावतारी काला, म्हणजे दशावतारी नाटकाचा खेळ आहे. पटांगणात अजून कोणी नाही. आहे ते फक्त लाकडी बाक, रात्रभर राजाचं सिंहासन होणारं. आणि त्या बाकापासून टेप धरून अंतर मोजणारे हे फोटोग्राफर काका. साडेतीन मीटरवर चुन्याची एक रेघ, पाचवर दुसरी, सातवर तिसरी.

कॅमेऱ्यात ४०० आयएसओचा कृष्णधवल रोल आहे. आयएसओ म्हणजे फिल्मचा वेग, उजेडाला ती किती पटकन दाद देते तो. फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, १०० आयएसओला २८, मीटरमध्ये. फिल्मचा वेग चौपट झाला की गाइड नंबर दुप्पट होतो, म्हणजे इथे ५६. त्याला अंतराने भागायचं, येईल ते अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडायचं तो आकडा; आकडा लहान तितकं तोंड मोठं. साडेतीन मीटरला १६, पाचला साधारण ११, सातला ८. रेघा उगाच मारलेल्या नाहीत. एका रेघेवरून मागच्या रेघेवर गेलं की उजेड निम्मा होतो, बरोबर एक स्टॉप.

पण हा नंबर धरलेला असतो खोलीसाठी, जिथे भिंती आणि छत थोडा उजेड परत देतात. इथे वर उघडं आभाळ. म्हणून काका प्रत्येक ठिकाणी एक स्टॉप जास्त उघडतात, पाच मीटरला ११ ऐवजी ८. शटर १/६० वर. फ्लॅश त्याहून कितीतरी कमी वेळ चमकतो, त्यामुळे शटर आणखी हळू केलं तरी त्याचा उजेड वाढत नाही. वाढतो तो पटांगणातल्या दिव्यांचा.

रात्र झाली, खेळ सुरू झाला. आणि हा आला संकासुर, दशावतारातला असुर! अंगभर काळा पेहराव, तोंडावर काळं कापड, बाहेर लोंबणारी लाल जीभ. ऑटो फ्लॅशची इथेच फसगत होते. तो परत आलेला उजेड मोजतो. काळ्यावरून फारसा परत येत नाही, मग तो आणखी उजेड ओततो आणि संकासुर राखाडी उमटतो. गाइड नंबरच्या हिशेबात रंग येतच नाही, अंतर तेवढं येतं. फिल्मवर काम करू पाहणाऱ्या प्रत्येक मुलाने हा भागाकार तोंडपाठ करावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

काकांचा अंगठा पाहा. फ्लॅशमागचा लाल दिवा लागलाय, तरी ते थांबलेत. हा दिवा बऱ्याच फ्लॅशमध्ये पूर्ण चार्ज होण्याआधीच लागतो. तेव्हाच बटण दाबलं तर सगळा हिशेब बरोबर असूनही फ्रेम अंधारी येते.

आता दाबलं.

रोल दुसऱ्या दिवशी घरीच धुतला. या त्यातल्या काही फ्रेम.