माळावर उतरा

रॉकी पर्वतातलं बँफ किती जणांनी पाहिलंय? सगळेच हात वर. आणि सस्कॅचवान प्रांतातलं, गवताळ माळाचं ग्रासलँड्स नॅशनल पार्क? तीन हात. म्हणून तर आज बोलायला उभा राहिलोय. इथे कॅनडात, कॅलगरीतल्या आपल्या मराठी माणसांची गाडी कायम पश्चिमेला, डोंगराकडे वळते. एका सहल कंपनीचं पत्रक पाहिलं, त्यात रॉकीजला चार दिवस आणि अख्ख्या सस्कॅचवानपुढे नुसतं ‘प्रवासाचा दिवस’. मला ते फार लागलं.

स्विफ्ट करंटहून ४ नंबरच्या हायवेने दक्षिणेला सव्वाशे किलोमीटर गेलं की व्हाल मरी हे चिमुकलं गाव लागतं. पार्कचं दार तेच. जुलैत आईला तिथे नेलं. आई मोहोळकडची, लहानपण माळावर शेळ्यांमागे गेलेलं. गाडीतून उतरून शंभर पावलं चालली आणि खाली बसून साडीच्या काठातून काहीतरी उपटायला लागली. “अरे, ही तर कुसळं!” तिथे त्या गवताला निडल-अँड-थ्रेड म्हणतात. बीला सुईसारखं टोक, मागे दोऱ्यासारखं पिळाचं शेपूट. ओल लागली की पीळ उलगडतो, सुकलं की परत वळतो, आणि बी आपोआप मातीत शिरतं. आपल्या कुसळीचीही हीच तऱ्हा.

पुढे एक थोरला धोंडा होता, हिमनदीने आणून टाकलेला. कडा गुळगुळीत, भोवती जमिनीत चर पडलेला. आई त्यावर हात फिरवत म्हणाली, “जनावरं अंग घासतात इथं.” अगदी बरोबर! पिढ्यान्‌पिढ्या बायसन, म्हणजे इथले दांडगे रानबैल, त्याला अंग घासत आले. शिकारीने ते या रानातून संपले. २००५च्या डिसेंबरात अल्बर्टातल्या एल्क आयलंड नॅशनल पार्कहून ७१ बायसन आणले, तोवर शतकभराहून जास्त काळ त्या धोंड्याला त्यांचं अंग लागलं नव्हतं. आई तिथून हलेचना.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, आणि ‘गवताळ पर्यटन का हवं’ हा जाहीर केलेला विषय राहिलाच. भराभर सांगतो. प्रेअरीचा, म्हणजे इथल्या गवताळ मैदानाचा, बहुतेक भाग नांगराखाली गेला. पार्कची जमीन घेतली जाते ती राजीखुशीने विकणाऱ्यांकडूनच, म्हणजे बाकीचं गवत शेजारच्या गुरंवाल्याच्या हाती, आणि त्यालाही ते राखण्यात चार पैसे दिसले पाहिजेत. तुम्ही गावात मुक्काम केलात, जेवलात, तर ते दिसतील. आपल्याकडे भारतात सरकारी नोंदीत माळ ‘पडीक’. तरी पुणे जिल्ह्यात कडबनवाडीला वनविभागच आता गवताळ सफारी चालवतो.

ग्रासलँड्सला गेलात की रात्र तिथेच काढा. २००९पासून तिथला अंधार राखीव आहे, म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून जपलेला; आकाशगंगा डोक्यावर उतरते. सकाळी प्रेअरी डॉगची वस्ती बघा; नावात डॉग असला तरी ही बिळात राहणारी खार. काळ्या शेपटीचे हे प्राणी कॅनडात रानात फक्त त्याच भागात आहेत. सावलीला झाड नाही, टोपी आणि भरपूर पाणी घ्या. आणि पाऊस झाला असेल तर पार्कच्या पूर्वेकडच्या भागातल्या मातीच्या रस्त्यांवर गाडी घालू नका, तिथली चिकणमाती चाक सोडत नाही.