पेटीशेजारी कोणती गिटार?

सलाम, मंडळी. सुरुवातीलाच एक विनंती. ज्यांनी गिटार आणल्यात त्यांनी त्या भिंतीला टेकवून ठेवू नका, कव्हरसकट आडव्या ठेवा. मागे लेकरं खेळतायत, आणि पडलेल्या गिटारची मान मोडताना जो आवाज होतो तो मला आयुष्यात पुन्हा ऐकायचा नाही. हां, असं. धन्यवाद, ताई.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. उपासना चालवणाऱ्याने हॉलोबॉडी, म्हणजे आतून पोकळ इलेक्ट्रिक गिटार घ्यावी, की सॉलिडबॉडी, म्हणजे भरीव? कळवा, ऐरोली, वाशी, जिथे वाजवायला जातो तिथे उपासना संपली की कोणीतरी हाच प्रश्न घेऊन उभं असतं. पाळकसाहेबांनी मला पाऊण तास दिलाय. कोणी कुठली घ्यावी ते शेवटी सांगणारच आहे. पण आधी एक घडलेली गोष्ट ऐका, कारण खरं म्हणजे ती सांगायलाच मी आलोय.

नाताळच्या आदल्या रविवारची गोष्ट. नवी मुंबईतल्या एका मंडळीने मला बोलावलं होतं. नाव सांगत नाही, माणसं प्रेमळ आहेत, जेवल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत. माझ्याकडे हीच एपिफोन कंपनीची कसिनो गिटार होती. आतून पूर्ण पोकळ, वजन पावणेतीन किलोच्या आसपास. ठाण्याला ट्रान्स-हार्बर पकडली, रविवारची सकाळ म्हणून केस उभी करायला जागा मिळाली. सभागृह लहान, गुळगुळीत फरशी, दोन बाजूंना काचा. साउंड सांभाळणाऱ्या दादाने मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, माझ्या पायाशी ठेवला, तोंड थेट गिटारच्या पोटाकडे. मी गाणार म्हणून आवाजही चांगला वाढवून ठेवला. त्याचंही बरोबर होतं, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यायलाच हवा.

तीन भजनं छान झाली. मंडळी उभी राहून गात होती, ढोलकी रंगात आली होती. मग पाळकांनी सांगितलं, दोन मिनिटं शांत बसून प्रार्थना करू. पहिल्या बाकावर एक आजी होत्या, इस्पितळातून दोनच दिवसांपूर्वी घरी आलेल्या. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी तारांवरून हात उचलला, डोळे मिटले.

आणि गिटार आपली आपण गुणगुणायला लागली. आधी इतकी हळू, की मला वाटलं पंखा असेल. मग तो आवाज फुगत गेला, घूंऽऽ करत चार-पाच सेकंदांत काचा थरथरल्या. मी तारांवर तळवा दाबेपर्यंत एक बाळ किंचाळून रडायला लागलं होतं आणि आजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

दादाने माझा चॅनेल बंद केला. उरलेली भजनं पेटीवर झाली. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, मीही तेच केलं असतं. उपासनेनंतर आजींजवळ जाऊन मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "राहू दे रे बाळा, तू काय मुद्दाम केलंस का?"

माझी तक्रार पुढची आहे. त्याच आठवड्यात बुधवारी संध्याकाळी मी पुन्हा तिथे गेलो. सभागृहात मी आणि साउंडवाला दादा, दोघंच. सगळं होतं तसं मांडलं. हात उचलला, घूं झालं. कुठला सूर आहे ते शोधलं: सहाव्या तारेच्या तिसऱ्या-चौथ्या फ्रेटच्या मध्ये, म्हणजे १०० हर्ट्झच्या आसपास. मग मॉनिटर दोन हात बाजूला सरकवला, तोंड माझ्या चेहऱ्याकडे केलं, मी एक पाऊल मागे गेलो. मिक्सरवर दादाने फक्त त्या सुराचा बारीक पट्टा कापला. हात उचलला. काही नाही. दादाने आणखी तीनदा हात उचलायला लावला, तिन्ही वेळा शांत. दीड तासाचं काम होतं ते.

तरीही जानेवारीत कमिटीने ठरवलं की या व्यासपीठावर पोकळ गिटार आणायची नाही. लेखी ठराव. आम्हा दोघांपैकी कोणालाही विचारलं नाही. त्यांच्याच वर्शिप टीममध्ये एक मुलगी आहे. तिने पहिल्या नोकरीच्या पगारातून पैसे साठवून सेमीहॉलो, म्हणजे अर्धी पोकळ गिटार, घेतली होती. तिच्या गिटारने कधी चूंसुद्धा केलं नव्हतं. तिने ती विकली. फोनवर मला म्हणाली, "दादा, त्या गिटारवर मला गाणं सोपं जायचं." मंडळी, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. गिटारवर गाणं सोपं जातं म्हणजे काय, हे त्या कमिटीला कोणीतरी सांगायला हवं होतं. म्हणून आज तुम्हाला सांगतोय.

इलेक्ट्रिक गिटार वाजते कशी? तार लोखंडी, खाली पिकअपमध्ये लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार हलली की वेढ्यांत वीज तयार होते. लाकडाचा आवाज पिकअप ऐकतच नाही म्हटलं तरी चालेल. मग लाकडाचा संबंध काय? तार कशी हलते आणि किती वेळ हलत राहते, त्याच्याशी. सॉलिडबॉडीत तार एका जाड फळीवर ताणलेली असते. फळी हलत नाही, त्यामुळे तारेची ताकद तारेतच राहते आणि सूर लांब टिकतो. हॉलोबॉडीत तार बसलेली असते पातळ लाकडी पृष्ठावर. तार हलली की ते पृष्ठ हलतं, आतली हवा हलते, तारेची ताकद आवाज होऊन बाहेर जाते आणि सूर लवकर विरतो. आता हे उलटं करून बघा. बाहेरून मॉनिटरचा आवाज आला की तो हवा हलवतो, हवा पृष्ठ हलवते, पृष्ठ तार हलवतं, पिकअप ते पुन्हा मॉनिटरकडे पाठवतो. चक्र सुरू. आवाज ज्या दारातून बाहेर जातो त्याच दारातून आत येतो. दार एकच आहे. त्या रविवारी जे ओरडलं आणि मला गाताना जे आवडतं, ते एकाच गुणामुळे.

गिटार बनवणाऱ्यांनाही हे दार सतावत आलंय. गिब्सनने १९३६ मध्ये ईएस-१५० काढली, चार्ली ख्रिश्चनने जॅझ बँडमध्ये जी गाजवली ती. पूर्ण पोकळ. आवाज वाढवला की घूं. लेस पॉल नावाच्या गिटारवादकाने १९४० च्या सुमारास चार बाय चार इंचांच्या पाइनच्या ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवले, आणि दिसायला गिटारसारखं दिसावं म्हणून एका एपिफोन गिटारचे दोन अर्धे कापून दोन बाजूंना लावले. सगळा आवाज मधल्या ओंडक्याचा, पंख नुसते शोभेचे. पुढे १९५० मध्ये लिओ फेंडरने साध्या भरीव फळीची गिटार बाजारात आणली, तीच पुढे टेलिकास्टर झाली. आणि १९५८ मध्ये गिब्सनने ईएस-३३५ काढली, तिच्यात ओंडका आणि पोकळी दोन्ही: दोन बाजूंना पोकळ पंख आणि मधोमध मेपलचा भरीव ठोकळा. हीच सेमीहॉलो. दार अर्धं लोटलेलं. त्या मुलीने विकली ती हीच जात.

आता आपल्या उपासनेकडे या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाचा आग्रह धरला, तेव्हापासून आपल्याकडे उपासना म्हणजे पेटी, ढोलकी किंवा तबला, झांजा आणि शब्द. शब्द सगळ्यांत मोठा. भजनाची ओळ पुढचा म्हणतो, मंडळी मागून घेते. त्या दोन ओळींच्या मध्ये श्वास असतो, आणि त्या श्वासात आजींना पुढचा शब्द आठवतो. सूर धरून ठेवायचं काम पेटी करते. भाता हलतोय तोवर तिचा सूर तुटत नाही. मग गिटारने पुन्हा सूर धरून ठेवायचा कशाला? तिने मात्रा दाखवावी आणि बाजूला व्हावं. केरव्याच्या आठ मात्रांत हॉलोबॉडीवर स्ट्रोक मारा: "टक" येतो, थोडा लाकडी, थोडा ढोलकीच्या शाईच्या बाजूचा, आणि पुढच्या मात्रेआधी जागा मोकळी करतो. त्या मोकळ्या जागेत शब्द ऐकू येतो. तेच सॉलिडबॉडीवर हात सैल सोडून वाजवलं तर कॉर्डवर कॉर्ड चढते, पेटीच्या सुरात मिसळते, आणि मंडळी ओळ कुठे उचलायची ते शोधत बसते. त्या मुलीला गाणं सोपं जायचं ते यासाठी. तिची गिटार तिला श्वास देत होती.

यातूनच एक आठवलं. जुनी पेटी असेल तर ट्यूनरवर गिटार लावू नका, पेटीला लावा. ट्यूनर ४४० हर्ट्झवर ठाम असतो, पेटी बहुतेक वेळा त्याच्या थोडी वर किंवा खाली. पन्नास माणसं पेटी धरून गात असतात, ट्यूनर धरून कोणी गात नाही. पेटीवाले दादा मान हलवतायत बघा.

पाळकसाहेब घड्याळ दाखवतायत. सात मिनिटं? बरं, भराभर सांगतो.

पेटी आणि ढोलकीसोबत, घरच्या प्रार्थनासभेत किंवा पन्नास-साठ माणसांच्या चर्चमध्ये पुढे उभं राहून गाणार असाल, तर पूर्ण हॉलोबॉडी खुशाल घ्या. घरात अँपशिवायही ती स्वतःला ऐकू येईल इतकी वाजते, गाणं बसवायला तेवढं पुरतं. मात्र मॉनिटर पोटाकडे नको, आणि प्रार्थनेला मान खाली घालायच्या आधी व्हॉल्यूमची खुंटी शून्यावर. मी करंगळीने करतो, आता सवय झालीय.

मागे पूर्ण ड्रमसेट असेल, बास असेल, इंग्रजी-हिंदी वर्शिप गीतं असतील, तुम्ही गात नसून लीड वाजवत असाल, तर सॉलिडबॉडी. ते डिले, म्हणजे सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारं यंत्र, लावून ठिबकणारे सूर वाजवायचे असतील तर सूर टिकायलाच हवा. ७२ च्या लयीला पाऊण मात्रेचा डिले ६२५ मिलिसेकंद येतो, लिहून घ्या. सॉलिडबॉडीवर कॉर्ड थांबवायला उजव्या तळव्याचा रियाज लागतो. तो केलात तर टेलिकास्टरवरही भजन सुंदर होतं, मी ऐकलंय.

दोन्ही करावं लागणारे, म्हणजे इथले बहुतेक जण: सेमीहॉलो, मध्ये ठोकळा आहे ना ते विचारून. काही स्वस्त गिटार दिसतात सेमीहॉलोसारख्या पण आतून पूर्ण पोकळ असतात. एफ-होल, म्हणजे पृष्ठावरची एफ अक्षरासारखी भोकं, त्यांतून मोबाइलचा टॉर्च मारा, ठोकळा दिसतो. घूं फारच होत असेल तर त्या भोकांत मऊ फोम बसवा, पण चिकटवू नका.

पिकअपचा प्रश्न बॉडीपेक्षा वेगळा आहे, दोन्हींची गल्लत करू नका. सिंगल कॉइल आणि पी-९०, म्हणजे तारेची एकच गुंडाळी असलेले पिकअप, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण पकडतात, वर नाताळच्या दिव्यांच्या माळा त्याच बोर्डावर असतील तर विचारू नका. हमबकर पिकअपची गिटार घेतलीत तर त्यातल्या दोन कॉइल ती गुणगुण एकमेकींत मारतात.

दुरुस्ती. हॉलोबॉडीचा जॅक, म्हणजे वायर खुपसायची जागा, सुटून आत पडला तर मागे झाकण नसतं, एफ-होलमधूनच काढावा लागतो. माझे कारागीर सलाईनची नळी जॅकच्या भोकातून आत घालतात, एफ-होलमधून बाहेर काढून जॅकवर घट्ट बसवतात आणि हळूहळू ओढत आणतात. बाहेर आला की हसतात. हे काम सगळ्यांना जमत नाही, म्हणून गिटार घेण्याआधी कारागीर शोधा. आणि ज्या हॉलोबॉडीचा ब्रिज, म्हणजे तारांखालची घोडी, नुसता तारांच्या दाबावर उभा आहे, तिच्या सगळ्या तारा एकदम काढू नका, एकेक बदला. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या.

त्या मंडळीचा ठराव अजून तसाच आहे. नव्या पाळकांना मी पत्र लिहिलंय, साउंडवाल्या दादाची त्यावर सही आहे. त्यांनी बोलावलं तर ही कसिनो घेऊनच जाणार आहे.

आता बोलणं पुरे. पेटीवाले दादा, काळी दोन धरा. मी पहिल्या घरात कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारी पकड, लावून डीमध्ये येतो. आधी सॉलिडवर एक कडवं, मग तेच हिच्यावर. सगळ्यांनी गायचंय, आणि पुढची ओळ उचलताना कुठे सोपं गेलं ते लक्षात ठेवा. आणि तो मॉनिटर, भाऊ, जरा उजवीकडे फिरवा. अजून थोडा. बस.