असदुल्लाहचं नाव दिसलं, म्हणून तलवार इराणची?

नमस्कार मंडळी. या आठवड्यातही जुन्या तलवारीचा तोच फोटो आला आणि तोच प्रश्न: "दादा, पात्यावर सोन्यात ‘अमल-ए असदुल्लाह इस्फहानी’ आहे. म्हणजे इराणीच ना?"

लिपी उजवीकडून वाचायची, ‘अमल’ म्हणजे कारागिराचं काम, ‘साहिब’ म्हणजे मालक, ‘इस्फहानी’ म्हणजे इराणमधल्या इस्फहान शहराचा. एवढं तुम्हाला येतं, पुढे जाऊ.

असदुल्लाहला इराणचा बादशहा शाह अब्बास याचा तलवारी घडवणारा कारागीर मानतात. अब्बास गादीवर होता १५८८ ते १६२९. पण या नावाच्या पात्यांवरच्या तारखा शंभराहून जास्त वर्षांवर पसरल्यात. एका माणसाचा हात इतका चालेल का? त्या नावाला भाव होता, म्हणून हिंदुस्थानातही ते पात्यांवर घातलं गेलं.

आता सोनं बघा. कोफ्तगिरीत पोलाद खरवडून त्यावर सोन्याची तार ठोकतात. पातं घडल्यावर पन्नास वर्षांनीही ते करता येतं. हैदराबादला एका घरी मी असं पातं हातात घेतलं होतं. धार झिजून आत गेलेली, आणि नाव मात्र कोरं करकरीत! ते नाव सोन्याचं वय सांगत होतं, पोलादाचं नाही. म्हणून आधी झीज बघा, मग नाव वाचा.

तसंच ‘बंदे-ए शाह-ए विलायत अब्बास’. कमेंटमध्ये लगेच, "शाह अब्बासची स्वतःची तलवार, किंमत सांगा!" अहो, शाह-ए विलायत म्हणजे हजरत अली, आणि अब्बास त्यांचा दास. असदुल्लाहच्या नावाशेजारी हा मजकूर कितीतरी पात्यांवर आहे. सगळी एका राजाच्या कमरेला होती का?

तारखेचंही सांगतो. तुर्की-अरबी पाच गोल असतो, आपल्या शून्यासारखा. इराणी आणि हिंदुस्थानी पाच पत्त्यातल्या उलट्या बदामासारखा. नाव इस्फहानचं आणि पाच गोल, तर थांबा, पुन्हा बघा. आणि इसवी सन काढायला हिजरी (इस्लामी) वर्षात नुसते ६२२ मिळवू नका. ते वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं. १२१५ हिजरी म्हणजे १८००-०१. नुसती बेरीज केलीत तर १८३७ येईल.

आणि कळकळीची विनंती, अक्षरं दिसावीत म्हणून पात्याला चिंच किंवा पॉलिश पेपर लावू नका. मागच्या महिन्यात एकाने पाठवलेल्या फोटोत अर्धं नाव घासून गेलं होतं. खोलीत अंधार करा, टॉर्च पात्याच्या बाजूने तिरपा धरा, आणि तसा फोटो पाठवा.