साकवाचं पत्र

(दृश्य: पहाटेचं धुकं. चिऱ्याच्या भिंती, कौलारू शाळा. पायवाटेनं मुलं येत आहेत.)

सकाळचे साडेसात वाजलेत. शाळेची घंटा व्हायला अजून बराच वेळ आहे, पण दहावीचा वर्ग भरलाय. देवगड तालुक्यातलं हे हायस्कूल. जानेवारीचा पहिला आठवडा, कलमांना मोहोर आलाय आणि खिडकीतून त्याचा वास थेट बाकांपर्यंत येतोय. फळ्यावर बाईंनी दोनच शब्द लिहिलेत. पत्र कोणाला?

बोर्डाची इंग्रजीची कृतिपत्रिका ८० गुणांची. वेळ तीन तास. उरलेले २० गुण शाळेकडे, तोंडी परीक्षेसकट. या ८० पैकी २० गुण लेखनकौशल्याचे. एक पत्र, एक संवाद किंवा भाषण, तक्त्यातली माहिती परिच्छेदात किंवा परिच्छेदातली तक्त्यात, आणि एक बातमी किंवा गोष्ट. प्रत्येकाला ५ गुण.

या २० गुणांसाठी मुलांच्या कानावर एकच सल्ला पडत असतो. पत्र पाठ कर, नावं बदल, गुण कुठे जात नाहीत. मीही याच बाकांवर बसून तेच केलं. आमच्या वेळी ए-बी-सी-डी पाचवीत सुरू व्हायची. राज्यातल्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, आमच्या नंतर. आम्ही पत्रं पाठ केली, उतरवली, पास झालो. पुढे मुंबईत नोकरीसाठी दोन ओळींचा अर्ज लिहायची वेळ आली आणि माझा हात कागदावर तसाच थांबला. पाठ केलेल्या पत्रांत मला सांगायचं होतं ते कुठेच नव्हतं. हा माहितीपट करायचं तेव्हापासून मनात होतं.

(दृश्य: वहीचं पान, जवळून. निळी शाई, खाडाखोड.)

ही एका मुलीची वही. घर वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, शाळा अलीकडे. तिनं गाइडमधून उतरवलेलं पत्र आहे म्युनिसिपल कमिशनरना. विषय, आमच्या भागातले कचऱ्याचे ढीग. मांडणी अचूक. पत्ता, तारीख, विषय, डिअर सर, शेवटी युवर्स फेथफुली, सगळं डाव्या समासाला धरून. पण या गावाला कमिशनर नाही. गावाला आहे ग्रामपंचायत.

बाईंनी लाल पेन उचललं नाही. त्यांनी विचारलं, "तुझ्या वाटेवर काय बिघडलंय गो?"

मुलगी आधी गप्प. मग म्हणाली, "माका इंग्लिश येणा नाय, बाई."

"इंग्लिश नंतर. आधी तुझ्या भाषेत सांग."

मग ती मालवणीत बोलली. "साकवाची फळी मोडली हा. पावसात पोरां कशी जातली?"

साकव म्हणजे वहाळावरचा छोटा पूल. जानेवारीत वहाळ घोट्याएवढा, मुलं दगडांवरून उड्या मारत येतात. जूनमध्ये तोच वहाळ लाल पाण्यानं भरून वाहतो आणि साकवाशिवाय दुसरी वाट राहत नाही. बाईंनी तिला घरचा अभ्यास दिला तो इंग्रजीचा नव्हताच. साकवावर जा आणि फळ्या मोजून ये.

(दृश्य: साकव. मुलगी एकेक फळी मोजते आहे. पाण्याचा आवाज.)

दुसऱ्या दिवशी ती मोजून आली. सतरा फळ्या. तीन मोडलेल्या, त्यातल्या दोन लागोपाठ, पलीकडच्या काठाला. एका बाजूचा कठडा हलतो. वाडीतली नऊ मुलं रोज या साकवावरून शाळेत येतात.

आता पत्राला विषय मिळाला. पहिल्या खर्ड्यात तिनं लिहिलं होतं की साकव फार वाईट आहे आणि मला फार दुःख होतं. दुसऱ्या खर्ड्यात फळ्यांचा आकडा आला. तिथून इंग्रजीही सोपं झालं, कारण मोजलेली गोष्ट सांगायला मोठे शब्द लागत नाहीत. थ्री प्लँक्स आर ब्रोकन. पाच शब्दांचंही वाक्य नाही, पण वाचणाऱ्याला साकव दिसतो.

अडली ती एका ठिकाणी. दुरुस्ती कधी व्हावी? तिच्या तोंडी होतं, मिरगाच्या आधी. कोकणात पावसाची बोलणी मिरगावरच चालतात. मिरगाला इंग्रजीत काय म्हणायचं? कोणी म्हणालं, बिफोर मिरग लिहू या. बाई म्हणाल्या, सरपंचांना कळेल गो, पेपर तपासणारे कदाचित सोलापूरचे असतील. शेवटी वर्गानंच तोडगा काढला. मृग लागतो ७ जूनच्या सुमाराला, तर तारीखच लिहू. बिफोर द सेव्हन्थ ऑफ जून. अर्जात तारीख घातली की मागणी पक्की होते, हे त्या सकाळी मुलांना कोणी वेगळं शिकवलं नाही.

व्याकरण आहेच. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून मुलांचं इंग्रजी क्रियापदही पार टोकाला जाऊन बसतं. द आणि अ हे दोन छोटे शब्द आपल्याकडे नाहीतच, ते कायम गळतात. बाई यावर रोज दहा मिनिटं घेतात, त्याहून जास्त नाही.

(दृश्य: शाळेचं सभागृह. व्यासपीठ, माईक, तसबिरींना हार.)

भाषणाचं दुखणं निराळं. अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, मी जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावे ही नम्र विनंती. १ ऑगस्टला, १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला आपण सगळ्यांनी हे म्हटलंय. आवाज कुठे चढवायचा तेसुद्धा ठरलेलं असतं. इंग्रजीच्या पेपरातही मुलं त्याच सुरात शिरतात. रिस्पेक्टेड प्रिन्सिपल, टीचर्स अँड माय डिअर फ्रेंड्स. त्यापुढे प्रश्नात दिलेले मुद्दे एकाखाली एक.

बाईंनी इथे एका मराठी मुलीचं इंग्रजी भाषण वर्गात आणलं.

२४ फेब्रुवारी १८८३. बंगालमधलं सेरामपूर, तिथल्या कॉलेजचं सभागृह. समोर इंग्रज आणि बंगाली श्रोते. बोलायला उभी आहे कल्याणची, अजून अठराही पूर्ण न झालेली आनंदीबाई जोशी. इंग्रजी बरंचसं घरीच शिकलेलं, नवऱ्याकडून. ती डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाली आहे आणि सगळ्या समाजात त्याची कुजबुज चालली आहे.

तिनं ती कुजबुजच हातात घेतली. लोक मागून जे विचारत होते ते सहा प्रश्न तिनं स्वतःच मांडले आणि एकेकाला उत्तर दिलं. मी अमेरिकेला का जाते? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर मला जातीबाहेर टाकणार नाहीत का? तिकडे संकट ओढवलं तर काय करीन? आणि आजवर कुठल्या बाईनं केलं नाही ते मीच का करायचं?

मला वाटतं, दहावीच्या मुलांना भाषण शिकवायला याहून चांगला नमुना मिळणं कठीण आहे. बाईंनी मुलांना तेच करायला लावलं. विषय दिला, प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत. अट अशी की लिहिण्याआधी, समोर बसलेली माणसं मनात काय म्हणतील ते पाच प्रश्न लिहून काढायचे. मुलांनी लिहिले. मग मासे कशात न्यायचे? कापडी पिशवी रोज कोण धुणार? दुकानदारानं दिलीच तर? आईला कसं सांगायचं? या प्रश्नांतूनच भाषण उभं राहिलं. मासे कशात न्यायचे याचं उत्तर देताना एका मुलानं आजीच्या बांबूच्या टोपलीचं वर्णन केलं. त्याला टोपलीसाठी बास्केट हा एकच शब्द माहीत होता, आणि तो पुरला.

त्या भाषणानंतर, १८८३ च्याच जूनमध्ये, अमेरिकेत पोचल्यावर आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. आपलं शिक्षण त्यांच्या अटींना पुरं पडेल याची खात्री त्यांना नव्हती, आणि त्यांनी तसं आडपडदा न ठेवता कळवलं. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून मला इथवर आणणारा निर्धार पुढेही कामी येईल, आणि माझ्या देशातल्या आजारी बायकांना मला वैद्यकीय मदत द्यायची आहे, असा त्या पत्राचा आशय. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात त्या गेल्या. हे ऐकल्यावर वर्ग बराच वेळ शांत होता. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, त्या पत्राला गुण किती मिळाले असते? बाई म्हणाल्या, प्रवेश मिळाला.

(दृश्य: ६ जानेवारी. फलकावर 'पत्रकार दिन'. मुलं वर्तमानपत्रं चाळताहेत.)

आज ६ जानेवारी. १८३२ साली याच तारखेला मुंबईत 'दर्पण'चा पहिला अंक निघाला. काढणारे बाळशास्त्री जांभेकर तेव्हा विशीच्या आतबाहेर होते. त्यांचं गाव पोंभुर्ले, याच तालुक्यातलं. आणि 'दर्पण'ची गंमत अशी की एकाच पानावर दोन स्तंभ असायचे, एकात मराठी, शेजारी इंग्रजी. मुलांना पत्रकार दिन ठाऊक होता, दोन भाषांचं ठाऊक नव्हतं. आपल्या गावाकडच्या माणसानं जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी हे केलं, हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यांवर जे उमटलं ते कॅमेऱ्यात आलंय. मी त्यावर बोलत नाही.

(दृश्य: मुलांचे चेहरे. काही क्षण निवेदन नाही.)

मग बाईंनी सगळ्यांना पानाच्या मधोमध रेघ मारायला सांगितली. डावीकडे मराठी बातमी, उजवीकडे इंग्रजी. विषय डिसेंबरमधला. मुलांनी पोत्यांत माती भरून वहाळावर घातलेला वनराई बंधारा.

मराठी बाजू भराभर भरली. देवगड, ता. ६ : येथील विद्यार्थ्यांनी श्रमदानातून वनराई बंधारा बांधला. पोती गावकऱ्यांकडून देण्यात आली. पाणी अडवण्यात आले. मान्यवरांच्या हस्ते जलपूजन करण्यात आले. पेपरातलं मराठी मुलांच्या बोटांवर असतं. बाईंनी 'करण्यात आले', 'अडवण्यात आले' या शब्दांखाली रेघा मारल्या आणि म्हणाल्या, बातमीतलं इंग्रजी बरंचसं असंच चालतं. देण्यात आली, वेअर गिव्हन. अडवण्यात आले, वॉज स्टॉप्ड. पॅसिव्ह व्हॉइस नावाचा जो बागुलबुवा आठवीपासून मुलांच्या मानेवर बसलेला होता, तो त्यांना आपल्याच पेपरात बसलेला सापडला.

एका मुलाला मथळा पटेना. बंधारा डिसेंबरात बांधून झाला, मग 'स्टुडंट्स बिल्ड' कसं, 'बिल्ट' का नको? प्रश्न रास्त होता. इंग्रजी मथळा घडून गेलेली गोष्टही वर्तमानकाळात सांगतो, आणि खालच्या मजकुरात पुन्हा भूतकाळ येतो. बाईंनी दोन इंग्रजी पेपर पुढे टाकले. मुलांनी दहा मथळे तपासले आणि मगच मान्य केलं.

याच मुलाच्या बातमीचा शेवट असा होता की आम्ही दमलो, वडापाव खाल्ला आणि पाण्यात खूप खेळलो. मला हे वाक्य फार आवडलं. बाईंनी ते खोडलं, आणि त्यांचं बरोबर होतं. बातमी देणारा 'आम्ही' म्हणत नाही. पण वाक्य वाया गेलं नाही. पुढच्या तासाला अनौपचारिक पत्राचा सराव होता. त्यानं ते मुंबईला लालबागमध्ये राहणाऱ्या चुलतभावाला लिहिलं, डिअर म्हणून सुरुवात करून. त्या पत्रात वडापाव होता, थंडगार पाणी होतं, आणि मे महिन्यात येशील तेव्हा बंधाऱ्यात पाणी उरलं असेल का, अशी काळजीही होती.

(दृश्य: ग्रामपंचायतीचं आवार. दोन मुली आणि बाई पायऱ्या चढताहेत.)

साकवाचं पत्र चार खर्ड्यांनंतर पक्कं झालं. तेही रेघेच्या पानावर, डावीकडे माननीय सरपंच यांस, उजवीकडे डिअर सर. उजवी बाजू परीक्षेसाठी वहीत राहिली. डावी बाजू सुटी करून, नीट घडी घालून ग्रामपंचायतीत दिली आणि पोच घेतली. मुलीनं पोचेवरचा शिक्का दोनदा पाहिला.

बाईंनी सरपंचांना एक विनंती केली होती, उत्तर लेखी द्या. आठवड्यानं ते आलं, चार ओळींचं. पत्र मिळाले, पाहणी केली, फळ्यांसाठी लाकूड सांगितले आहे, काम पावसाळ्यापूर्वी करून घेऊ. वर्गानं ते पत्र भाषांतराच्या सरावाला घेतलं. पेपरात इंग्रजीचं मराठी करायचं असतं, इथे उलटं. 'पाहणी केली' वर अर्धा तास चर्चा झाली.

मग ती मुलगी उठली. फळ्याशेजारी टाचलेल्या त्या पत्रापाशी गेली आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचू लागली. मायना. विषय. मजकूर. सही. बोट परत वर गेलं.

"बाई," ती म्हणाली, "सरपंचांनी तारीख नाय घातली."

(दृश्य: पत्र, जवळून. मुलीचं बोट कोऱ्या जागेवर. पडदा काळा.)